आरपार

कोल्हापुरात सी.पी.आर. म्हणजे आधी दवाखाना,
छातीवरचे दाब त्यानंतर.
अप्पांना दोन्ही एकाच रात्री मिळाले.
चार मिनिटं, असं कागदावर आहे.
कुणीतरी चार खोडून
पुन्हा चारच लिहिलंय.

अकराव्या दिवशी पेजेची वाटी बाजूला सारून म्हणाले,
"वरनं बघत हुतो गं मी. पंख्याच्या पात्यावर ही एवढी धूळ."
मी म्हटलं, कुठल्या पंख्यावर नसते?
हसले. मग बरगडी धरून गप्प झाले.

मी नर्सिंगच्या पोरींना शरीरशास्त्र शिकवते.
कानाच्या वर, थोडं मागं बोट ठेवून सांगते:
आपण कुठं आहोत ते इथं ठरतं.
इथलं रक्त आटलं की माणूस सुटतो खाटेवरून,
खुंटा उपटलेल्या म्हशीसारखा.
फार लांब जात नाही. छतापर्यंत.

"आणि मग बोगदा," अप्पा म्हणाले.
"बोगदा न्हवं. बोअर."
अडतीस वर्षं उद्यमनगरात, लेथवर.
स्लीव्ह उतरवायची, फडक्यानं पुसायची,
खिडकीकडं धरून डोळ्याला लावायची:
आत चकाकती भिंत, आणि टोकाला
रुपयाएवढा दिवस.
"तसंच. फकस्त फिनिश लय भारी."

मी समजावलं. नजरेच्या कडेला मेंदूत जागा थोडी,
मधल्या ठिपक्याला ऐसपैस.
प्राणवायू सरत आला की कडा आधी विझत असाव्यात,
रात्री महाद्वार रोडची शटरं पडत जातात तशा,
आणि मधलं एक दुकान
बराच वेळ उघडं राहतं.
"असंल," म्हणाले,
ड्रॉइंग न वाचता बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं.

त्या उजेडात यासीनभाई होते.
शेजारच्या लेथवरचे, जाऊन नऊ वर्षं झाली.
"काय म्हणाले?"
"व्हर्नियर परत दे म्हणला."

थोडं थांबून मी विचारलं, "आई?"
अप्पांनी वाटीत बघितलं.
"न्हाई गं."
चोरी सापडल्यासारखं.

आई इथंच गेली, दुसऱ्या लाटेत.
आम्ही फाटकाबाहेर, तिचा चष्मा हातात धरून.
सिलिंडरची गाडी येतीय, येतीय, म्हणत होते.

तेव्हापासून वाचते मी.
उंदरांवरचे प्रयोग. हृदय थांबल्यावरही
अर्धा मिनिट मेंदूत उसळणारी लाट.
जागेपणी घुसलेलं स्वप्न. वेदना बोथट करणारी रसायनं.
सहकारी म्हणतात, मॅडम, तुम्ही सगळ्याचं रसायन करून टाकता.
करते.
कारण तो उजेड कुणी देत असेल
तर कुणाला नाकारतही असेल.
पण ती नुसती प्राणवायूची टंचाई असेल,
तर टंचाई आईलाही होती.
भरपूर होती.

परत आलेल्या दहांतल्या एखाद्या-दोघांनाच काही आठवतं.
हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिते.
घरी येताना पुसून येते.

घरी सोडलं त्या संध्याकाळी अप्पांनी
पलंगाखालची लाकडी पेटी ओढायला लावली.
तेलकट फडक्यात व्हर्नियर,
दांडीवर खिळ्यानं खरवडलेलं: या. ज.
"त्याच्या पोराला निऊन दे उद्या.
आधी बघून घे, बिघडलाय का."

मी जबडे मिटले,
बल्बसमोर धरले,
एक डोळा झाकून पाहिलं.
मधून कणभरही उजेड येत नव्हता.

"मग बरोबर हाय," अप्पा म्हणाले,
आणि कुशीवर वळले.